पक्ष्यांच्या बेटाकडे जायचे, पण कोणत्या होडीतून?

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

अणदूरच्या मुलीने होडीवर लेख लिहावा हे खडकाळ माळावर भात लावण्यासारखे आहे, असे माझ्या मैत्रिणींचे मत पडले. त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. आपल्या तुळजापूर तालुक्यात पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. बोरी नदीला पूर आला की नळदुर्गच्या किल्ल्यातील नर-मादी धबधबे पाहायला माणसे लोटतात, कारण एवढे पाणी एके ठिकाणी दिसणे हीच आपल्याकडची जत्रा. टँकरला नळी कशी लावावी हे आम्हा सर्वांना येते; होडीत कोणत्या बाजूने पाय ठेवावा हे मात्र कोणाला ठाऊक नसते. आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. ज्यांना पाण्याची सवय आहे त्यांना तो कशाला हवा?

गेल्या जानेवारीत आपल्या भूगोल विभागाची सहल उजनी जलाशयावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला, पक्षी पाहण्यासाठी गेली. बावीस विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक असे आम्ही चोवीस जण होतो. होडी ठरवण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले. त्याचे कारण माझी हुशारी नव्हे. सहलीच्या बैठकीत सर्वांत जास्त शंका मी काढल्या, तेव्हा सर म्हणाले, "आता तूच शोध आणि तूच सांग."

माझ्या शंकांचे मूळ घरात होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाहेरगावची सहल हा प्रकार आईवडिलांना नवा. त्यात उजनीचे नाव ऐकताच आईने हातातले काम खाली ठेवले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी याच जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली होती. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. ती बातमी आईने दूरदर्शन संचावर पाहिली होती आणि ती तिच्या मनातून गेली नव्हती. "जा, पण होडी बघून बस," एवढेच ती म्हणाली. आता होडी बघायची म्हणजे नेमके काय बघायचे? आमच्या वर्गातल्या बावीस जणांपैकी पोहता येणारे पाच, आणि पाचही मुलगे. विहिरीत मुलग्यांना पोहायला शिकवतात. मुलींना विहिरीवरून घागर आणायला शिकवतात. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता.

होडी निवडण्याआधी पाणी समजून घ्यावे लागते. उजनी धरण भीमा नदीवर आहे. यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते १९६६ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९८० साली ते पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टी.एम.सी. आहे; पण त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टी.एम.सी., मृतसाठा आहे. म्हणून वर्तमानपत्रांत उजनीचा साठा 'उणे' टक्क्यांत छापून येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. पूर्वी मला हे 'उणे पाणी' म्हणजे कोडेच वाटे. पाणी असते, पण कालव्यात सोडण्याच्या पातळीखाली असते, इतकाच त्याचा अर्थ.

या चढउताराचा होडीशी फार जवळचा संबंध आहे. पावसाळा संपला की जलाशय तुडुंब असतो. मग पाणी उतरू लागते, कडेचा गाळ उघडा पडतो, बुडालेले उंचवटे डोके वर काढतात आणि बेटे तयार होतात. रोहित पक्षी, ज्यांना आपण सर्वजण फ्लेमिंगो म्हणतो, ते याच उथळ चिखलाच्या पाण्यासाठी येतात. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. खोल पाणी त्याच्या कामाचे नाही. म्हणजे ज्या महिन्यांत पक्षी, त्याच महिन्यांत उथळ पाणी. आणि ज्या जागी पक्षी, त्याच जागी सर्वांत उथळ. यावरून पहिली गोष्ट ठरते की खोल पाण्यात दिमाखाने चालणारी, टोकदार बुडाची होडी इथे उपयोगाची नाही. ती गाळात रुतेल किंवा बेटापासून इतकी दूर थांबेल की पक्षी म्हणजे नुसता गुलाबी ठिपका दिसेल. सपाट बुडाची होडी थोड्या पाण्यातही तरंगते.

सहलीच्या आठ दिवस आधी सर, मी आणि वर्गातला एक मित्र असे तिघे जागा पाहून आलो. अणदूरवरून जाणारा हैदराबाद-सोलापूर महामार्ग तोच पुढे भिगवणवरून पुण्याला जातो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. आम्ही सोलापूरपर्यंत एस.टी.ने आणि पुढे रेल्वेने गेलो. काठावर तीन तऱ्हेच्या होड्या दिसल्या. एक मोठी, वर छप्पर आणि गाणी लावायची सोय असलेली. दुसऱ्या लहान, फायबरच्या, मागे इंजिन बसवलेल्या. तिसरी मासेमारांची लाकडी होडी, नुसत्या वल्ह्यावर आणि बांबूवर चालणारी. मोठ्या होडीच्या मालकाने आम्हाला पाहताच हिशेब करून टाकला: "चोवीस जण? एका खेपेत बसवतो. स्वस्तात पडेल." खरोखरच स्वस्त पडत होते. होडीसाठी आम्ही माणशी दीडशे रुपये, म्हणजे एकूण ३,६०० रुपये राखून ठेवले होते आणि हे गृहस्थ त्याच्या निम्म्यात काम करायला तयार होते. वर्गात वर्गणी देताना कोणाकोणाची काय ओढाताण झाली हे मला माहीत होते, त्यामुळे क्षणभर मन डळमळले.

पण आम्ही हिशेब करून पाहिला. माझा एक चुलतभाऊ विज्ञान शाखेत आहे, त्याने तो समजावून दिला होता. होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. पाण्यावर टेकणारा तिचा भाग पाच चौरस मीटर धरला तर साठ किलोच्या प्रत्येक माणसामागे ती साधारण सव्वा सेंटिमीटर खाली बसते. आठ माणसे बसली की दहा सेंटिमीटर. त्याच होडीत सोळा बसवली तर वीस, म्हणजे जवळजवळ एक वीत. होडीचा काठ पाण्यापासून मुळात दोन वीत वर असेल तर उरली एकच वीत. आणि वाऱ्याने उठलेली लाट तेवढी सहज असते. मोठ्या होडीचा पसारा मोठा असल्याने तिच्यात जास्त माणसे मावतात हे खरे, पण तिच्यावरही हाच नियम चालतो. होडीत किती माणसे 'मावतात' हे मुळी विचारूच नये. ती भरल्यावर काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पाहावे. मी एका सुतळीला वितीवितीवर गाठी मारून नेली होती. ती काठावरून पाण्यात सोडली की लगेच कळते. पाहणाऱ्यांना हसू येते, येऊ द्यावे.

दुसरी गोष्ट तोलाची. ही तर आपल्याला शाळेत न जाताही कळते. बैलगाडीत कडबा मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. होडीचेही तेच, फक्त इथे भार मागेपुढे होण्यापेक्षा डावीउजवीकडे होण्याची भीती जास्त. पक्षी पाहायला गेलेल्या होडीत ही भीती दुप्पट असते. कारण सोपे आहे. थवा उडाला की सगळे जण मोबाइल घेऊन एकाच बाजूला धावतात, शिवाय उभे राहतात. माणूस उभा राहिला की भार उंचावर जातो आणि होडी कलंडायला थोडेसे निमित्त पुरते. म्हणून बाक पक्के ठोकलेले आहेत की नुसत्या खुर्च्या ठेवल्या आहेत, हे पाहावे. त्या मोठ्या होडीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. आमचा निर्णय तिथेच झाला.

होडी कशाची आहे यालाही महत्त्व आहे. लाकडी होडी जड असते, पाण्यावर शांत बसते, पण तिचे सांधे दरवर्षी भरावे लागतात. तळाशी पाणी साचलेले दिसले आणि शेजारी उपसायला डबा ठेवलेला दिसला तर काय समजायचे ते समजावे. पत्र्याची होडी गंजते आणि तिला बांबू लागला की ढोल वाजल्यासारखा आवाज होतो; पक्ष्यांना दवंडीच ती. फायबरची होडी हलकी, गळत नाही, पण हलकी असल्यामुळे वाऱ्याने डोलते. फायबरच्या होडीबद्दल एक प्रश्न अवश्य विचारावा: हिच्यात हवाबंद कप्पे आहेत का? असे कप्पे असले तर होडीत पाणी शिरले तरी ती बुडत नाही आणि धरून राहायला आधार मिळतो. आम्ही फायबरच्या तीन लहान होड्या निवडल्या, प्रत्येकीत आठ जण. एकीऐवजी तीन का, तर एकीला काही झाले तर दुसऱ्या दोन जवळ असतात. चोवीस माणसे एकाच होडीत असली तर मदतीला येणार कोण?

इंजिनाविषयी दोन शब्द. इंजिन असावे, पण ते बंद करता यावे. हे वाक्य विनोदी वाटेल, म्हणून सांगते. दूरच्या बेटापर्यंत वल्ह्याने जायचे तर सकाळ निघून जाते, आणि वारा सुटल्यावर काठाला लवकर परतण्यासाठीही इंजिनाचा आधार हवा. मात्र शेवटचे अंतर इंजिन बंद करून, वल्ह्याने किंवा बांबूने तोडायचे असते. म्हणून होडीत वल्ही आहेत का, आणि ती चालवणारे हात आहेत का, हे विचारावे. कित्येक होड्यांत वल्हे नसतेच. इंजिन उथळ पाण्यात बंद पडले, पंखा गाळात किंवा मासेमारांच्या जाळ्यात अडकला, तर वल्ह्याशिवाय होडी म्हणजे तरंगणारे डबके. इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर उत्तम, कारण जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज जास्त आणि तेलाचा तवंगही पाण्यावर जास्त सोडतो. मुलींसाठी एक सूचना: ओढणी कमरेला घट्ट बांधून बसावे आणि इंजिनाजवळ बसू नये.

आता लाइफ जॅकेट. आपल्याकडे पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवत. हल्ली प्लॅस्टिकचा डबा बांधतात. लाइफ जॅकेट म्हणजे सुधारलेला भोपळा अशी माझी समजूत होती, पण फरक मोठा आहे. भोपळा पाठीवर असतो, त्यामुळे शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्यात जाईल. चांगल्या जॅकेटमध्ये तरंगणारा भाग मुख्यतः छातीवर आणि मानेमागे असतो, म्हणून माणूस उताणा होतो आणि नाक-तोंड पाण्याबाहेर राहते. अर्थात जॅकेट अंगावर असेल तरच. होडीच्या टोकाला गाठोडे करून ठेवलेली जॅकेटे ही तपासणीला दाखवण्यासाठी असतात. पट्टे तुटलेले नाहीत ना, बकल लागते का, आणि खांद्याला धरून वर ओढले तर जॅकेट कानावर सरकते का, हे काठावरच पाहावे. सरकत असेल तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. आम्ही तीस जॅकेटे तपासली, त्यांतली पाच बाजूला काढायला लावली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जण दगावले. समुद्र शांत असताना, भर दिवसा, शहराच्या डोळ्यांसमोर घडलेली ही गोष्ट आहे. आपली होडी कितीही चांगली असली तरी दुसऱ्याची होडी आपल्या हातात नसते. जॅकेट आपल्या हातात असते.

कागदपत्रे विचारायला संकोच वाटतो, विशेषतः आमच्यासारख्या पोरांना. पण अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. यंत्राशिवाय चालणाऱ्या होडीचीही नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे व्हायची असते. सरांनी शांतपणे विचारले. एकाने ताबडतोब प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवला. दुसरा म्हणाला, "घरी आहे." आम्ही पहिल्याकडे गेलो. भांडण नाही, वाद नाही.

इथे थोडे विषयांतर करते. ग्रंथालयात गालापागोस बेटांविषयी वाचले तेव्हा गंमत वाटली. ही बेटे इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात आहेत. १८३५ साली डार्विन तिथे गेला होता. १९५९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे प्रवासी आठ-आठ दिवस जहाजावरच राहतात आणि लहान होड्यांतून बेटांवर उतरतात, त्यामुळे कोणते जहाज निवडावे हा जाणाऱ्यांचा मोठाच प्रश्न असतो. एका जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी नसतात आणि एका वाटाड्यामागे सोळांहून अधिक जणांना बेटावर फिरता येत नाही. म्हणून सोळा माणसांचे जहाज घेतले की सगळे एकदम उतरतात. मोठे जहाज घेतले तर पाळीपाळीने. मात्र लहान जहाज लाटांवर जास्त हेलकावे खाते, आणि ज्याला मळमळते त्याने खालच्या मजल्यावरची, मधली खोली घ्यावी, कारण जहाज तिथे सर्वांत कमी हलते. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे लागते. एकाच जहाजाने एकाच जागी चौदा दिवसांच्या आत पुन्हा जाता येत नाही. परदेशी माणसाला नुसते प्रवेशशुल्कच ऑगस्ट २०२४ पासून दोनशे डॉलर आहे. म्हणजे सतरा हजारांच्या आसपास रुपये. तेवढ्यात आमचा सगळा वर्ग उजनीच्या होडीत चार वेळा बसला असता! पण नियमामागचा विचार तोच आहे, जो आम्ही सुतळी घेऊन करत होतो: लहान होडी, थोडी माणसे, जाणता माणूस बरोबर, आणि अंतर राखणे.

आपल्या महाराष्ट्रातही पाण्यापाण्यानुसार होडी बदलते. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले. तिथे होडीची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर लाळेपासून घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या राहतात. त्या बाजूच्या खुल्या समुद्रात उजनीची सपाट बुडाची होडी नेणे म्हणजे परातीत बसून निघण्यासारखे. आणि समुद्रातली खोल बुडाची होडी उजनीत आणली तर ती गाळात उभी राहील. 'सर्वांत चांगली होडी' अशी वस्तूच नाही. कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात, हे आधी सांगावे लागते.

महिन्याचे सांगायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ सकाळची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात आणि वारा कोणत्या क्षणी फिरेल सांगता येत नाही. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. मैलोगणती मोकळ्या पाण्यावरून येताना तो लाट वाढवत आणतो. कुगावची दुर्घटना मे महिन्यातच झाली हे विसरून चालणार नाही. सहलीच्या तारखा परीक्षेनंतर, म्हणजे उन्हाळ्यात ठेवाव्यात अशी सूचना दरवर्षी येते. जलाशयाच्या सहलीपुरता तरी माझा तिला स्पष्ट विरोध आहे.

सर्वांत महत्त्वाचे मात्र होडीपेक्षा होडीवाला. आम्ही ज्यांची होडी घेतली ते मामा मूळचे मासेमार. माझी सुतळी पाहून म्हणाले, "दोरीनं काय मापतीस गं पोरी? ही व्होडी माझ्या रोजच्या पोटाची हाय." तरी त्यांनी मापू दिले आणि नंतर स्वतःच म्हणाले, "आठच्या वर मी बी घेत न्हाई." हे पाणी वरून सपाट दिसते, पण खाली गावे आहेत. धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरी, देवळे, झाडांचे बुंधे तळाशी तसेच आहेत. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाणी फार उतरले की बाहेर येते. कोणत्या महिन्यात कोणती भिंत पाण्याखाली हातभर येते हे कोणत्याही नकाशात नाही. ते इथल्याच माणसाला माहीत. मामांनी एके ठिकाणी होडी उगाच लांब वळसा घालून नेली. विचारले तेव्हा बांबू पाण्यात खुपसून दाखवला. खाली टण्ण आवाज झाला. दगडी चौथरा होता. "हिथं आमच्या आज्याचं गाव," एवढेच बोलून त्यांनी पुन्हा बांबू टेकला. आम्ही जी बेटे पाहायला आलो होतो ती कोणाच्या तरी गावाची उंच रानेच होती.

मामांनी इंजिन बरेच आधी बंद केले. थव्याकडे होडी सरळ नेली नाही. तिरकी, जणू आपण दुसरीकडेच चाललो आहोत अशी नेली. समोर काही शे रोहित पक्षी चिखलात माना घालून चरत होते. एवढ्यात कडेच्या दोघातिघांनी माना वर केल्या. मामांनी लगेच बांबू रोवून होडी थांबवली. "मान वर झाली की थांबायचं," ते हळूच म्हणाले. अजून पन्नास फूट पुढे जाता आले असते, छायाचित्र मोठे आले असते. वर्गातला एक जण कुजबुजला, "मामा, उडवा की त्यांना, उडताना लई भारी दिसतेत." मामांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

का उडवू नयेत, हे मला त्या वेळी सांगता आले नाही. वाचनानंतर सांगता येते. बेटाच्या पलीकडच्या टोकाला पट्टकादंब हंस बसले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात आणि मार्चच्या सुमारास त्याच वाटेने परततात. त्यांची सात हजार मीटरहून अधिक उंचीवरची उड्डाणे नोंदली गेली आहेत. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते हिवाळ्यात इथे खाऊन साठवतात. दिवसभरात दहा होड्यांनी दहा वेळा उडवले तर साठवलेले खर्ची पडते आणि खाण्याचा वेळही जातो. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच उघड्या बेटांवर टिटवी आणि सुरय जमिनीवरच अंडी घालतात, गवताचा आडोसाही नसतो. टिटवीची अंडी आपल्या रानात दिसली तर आपली माणसे नांगर वळवून नेतात आणि अंडी उंचावर आहेत की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधतात. बेटावर मात्र तीच माणसे चपला घालून अंड्यांतून फिरतात, कारण ती दिसतच नाहीत. म्हणून बेटावर उतरवून देतो असे सांगणारा होडीवाला घेऊ नये. काठाकाठाने दाखवतो म्हणणारा घ्यावा.

एक व्यवहाराची बाब राहिली. भाडे माणशी ठरवू नये, होडीवर ठरवावे. माणशी ठरवले की होडीवाल्याला जास्त माणसे भरण्याचा मोह होतो आणि आपल्यालाही 'अजून एकाला घ्या' म्हणण्याचा. आम्ही एका होडीचे १,२०० रुपये असे तीन होड्यांचे ठरवले आणि राखून ठेवलेले ३,६०० रुपये पुरते वापरले. स्वस्तातल्या मोठ्या होडीत न बसल्याबद्दल परतीच्या प्रवासात दोघांनी कुरकूर केली. सरांनी त्यांना गाठींची सुतळी हातात देऊन चुलतभावाचा हिशेब पुन्हा करायला लावला. सोलापूर येईपर्यंत ते गुणाकारच करत होते.

यंदाच्या वर्गाची सहल पुन्हा जलाशयावर नेण्याचा विचार चालू आहे असे ऐकते. ती सुतळी, जॅकेटे तपासताना केलेली नोंदवही आणि कोणत्या महिन्यात पाणी कुठवर होते याचा काढलेला कच्चा नकाशा, हे सर्व भूगोल विभागाच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवले आहे. वहीची शेवटची चार पाने कोरी आहेत. जे जातील त्यांनी त्यांवर आपले लिहावे.